ठेवणीतला फोटो

कळमनुरी
१२ जानेवारी २०२५

चि. मोहिनीस,
कय्युमचाचाच्या खूप दुआ.

तू फोनवर रागावलीस म्हणून हे पत्र. "चाचा, तुम्ही सगळं दोन वाक्यांत उरकता, जरा लिहून पाठवा," म्हणालीस. मोबाइलवर टाइप करायला माझी बोटं जाड पडतात. म्हणून वहीच्या कागदावर लिहितो आहे आणि त्या कागदाचा फोटो काढून तुला पाठवतो आहे. फोटो काढणं तेवढं मला येतं, असं अजून तरी काही लोक मानतात.

तुझे बाबा आणि मी मिळून हा संगम फोटो स्टुडिओ उघडला. भागवतला जाऊन चार वर्षं झाली, पण पाटीवर अजून दोघांची नावं आहेत आणि मी असेपर्यंत राहतील. मी असेपर्यंत दुकान राहील का, हे मात्र सांगता येत नाही. तुझ्यापासून लपवत होतो, आता सांगतो. दुकान चालत नाही.

मागच्या आठवड्यात आमच्याच गल्लीतल्या उमैमाचं लग्न झालं. तिच्या पहिल्या वाढदिवसाचा फोटो मी काढला, शाळेचा मी काढला, कॉलेजच्या बसपासचा मी काढला. लग्नाचे फोटो काढायला नांदेडहून पोरं आली. तिच्या वडिलांना विचारलं तर बिचारे खाली मान घालून म्हणाले, "पोरांनी मोबाइलवर शोधलं कय्युमभाई, तुमचं नाव आलंच न्हाई." त्यांच्या दारापासून माझं दुकान पन्नास पावलांवर आहे. मला दोन दिवस घास गोड लागला नाही.

तुझी चाची हाजराबी म्हणते, कॅमेरे विका आणि मोबाइलची कव्हरं लावून बसा. ती रागाने म्हणत नाही, काळजीने म्हणते, म्हणून जास्त लागतं. तू पुण्यात कंपन्यांच्या वेबसाइटसाठी लिहितेस. आपल्या दुकानाचं काही होईल का? नसेल होत तर तसंही कळव, उगाच आशा लावू नकोस.

तुझा,
कय्युमचाचा

---

पुणे
१९ जानेवारी २०२५

प्रिय कय्युमचाचा,
साष्टांग नमस्कार.

होईल. आधी हे एका शब्दात सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल.

लोक मोबाइलवर शोधतात तेव्हा त्यांना तुमचं दुकान दिसत नाही, कारण नेटवर तुमच्याविषयी कुणी काहीच लिहिलेलं नाही. तुम्ही तीस वर्षं फोटो काढलेत, पण नेटवर शोधून देणाऱ्या मशीनला फोटो बघता येत नाहीत असं समजा, त्याला शब्द वाचता येतात. म्हणून आपण दुकानाची एक साधी वेबसाइट करू आणि तिच्यावर दर आठवड्याला एक ब्लॉग, म्हणजे छोटा लेख, टाकू. 'कळमनुरीत पासपोर्ट फोटो', 'हिंगोलीजवळ साखरपुड्याचे फोटो कुठं छान येतात', 'रडणाऱ्या लेकराचा फोटो कसा काढायचा' असे. लोक जे शब्द टाकून शोधतात, तेच शब्द आपल्या लेखात हवेत. प्रत्येक फोटोखाली नाव हवं, गाव हवं. गावाचं नाव फार महत्त्वाचं आहे, चाचा. पुसेगावचा माणूस 'पुसेगाव' टाकून शोधतो.

लेख मी लिहीन. पण गोष्टी तुमच्या हव्यात. रडणाऱ्या लेकराला तुम्ही चाव्यांचा जुडगा वाजवून हसवता आणि बाबा मागून कोंबड्याचा आवाज काढायचे, हे मला ठाऊक आहे म्हणून मी लिहू शकते. बाकीचं तुम्हीच सांगायचं. म्हणून पत्रं लिहा, लांबलचक लिहा. आणि फोटो पाठवा.

एकच अट आहे. दोन महिने धीर धरायचा आणि रोज उठून "दिसतंय का, दिसतंय का" असं विचारायचं नाही.

तुमची,
मोहिनी

---

कळमनुरी
९ फेब्रुवारी २०२५

चि. मोहिनीस,
दुआ.

मी रोज विचारत नाही, दिवसाआड विचारतो. काल एक नवल झालं. वारंग्याहून एक जोडपं लेकराला घेऊन आलं आणि त्या बाईने आत येताच विचारलं, "चाव्या वाजवून हसवतात ते तुमीच का?" मी चाव्यांचा जुडगा वर करून दाखवला. लेकरू हसलं, फोटो छान आला. भागवत असता तर त्याने त्या आनंदात चार वेळा कोंबड्याचा आवाज काढला असता.

तुझे तिन्ही लेख मी कागदावर छापून काउंटरच्या काचेखाली ठेवले आहेत. हाजराबी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते. कव्हरांचं नाव तिने सध्या तरी काढलेलं नाही.

आता चौथ्या लेखाचं बोलू. तू विचारलंस की नांदेडवाल्यांना येत नाही असं तुम्हाला काय येतं. मला जुन्या फोटोवरून मोठा फोटो करता येतो. घरातलं म्हातारं माणूस गेलं की लोक येतात, हातात एखादा लग्नातला घोळक्याचा फोटो असतो, त्यात मागच्या रांगेत आजोबा अर्धे झाकलेले. त्यातून मी माणूस बाहेर काढतो. फेटा नीट करतो, डोळ्यांत जरा उजेड आणतो, मागे निळा रंग, चंदनाचा हार, खाली नाव आणि तारखा. तेराव्या दिवसाच्या जेवणाला पाटावर ठेवायला फोटो तयार. ह्यावर लिही. दुकानच्या कॉम्प्युटरमध्ये 'मोठे फोटो' म्हणून कप्पा आहे, तो अख्खाच पाठवतो आहे. घाईत आहे, दारात गिऱ्हाईक उभं आहे. त्यातले चांगले तूच निवड.

तुझा,
कय्युमचाचा

---

पुणे
२३ फेब्रुवारी २०२५

प्रिय चाचा,
नमस्कार.

चौथा लेख परवा टाकला आणि आजवरच्या लेखांत तो सगळ्यात जास्त वाचला गेला आहे. नाव दिलं आहे, 'गेलेल्या माणसाचा जुन्या फोटोवरून मोठा फोटो, हिंगोली जिल्ह्यात'. लोक हे खरंच शोधत होते. कुणी लिहीत नव्हतं एवढंच.

सहा फोटो घेतले. प्रत्येकाखाली नाव आणि गाव नीट लिहिलं आहे. सगळ्यात सुंदर फोटो मी वर, लेखाच्या तोंडाशी लावला आहे. पांढरा फेटा, खांद्यावर घोंगडी, आणि असे बघतात की जणू आपणच त्यांना उशीर केला आहे. खाली तुमच्याच अक्षरांत लिहिलेलं होतं, 'कै. ज्ञानबा जळबा पोले, पुसेगाव'. तेच मी फोटोखालीही लिहिलं.

फक्त एक विचारायचं राहिलं. बाकी पाचही जणांच्या फोटोवर दोन तारखा आहेत, ह्यांच्यावर जन्माचीच आहे. पुढची जागा कोरी का? घरच्यांनी तारीख कळवली नाही का? कळली तर सांगा, मी लेखात घालते. आणि जेवत जा वेळेवर, हाजराचाचीने माझ्याकडे तक्रार केली आहे.

तुमची,
मोहिनी

---

कळमनुरी
२७ फेब्रुवारी २०२५

मोहिनी,

आधी तो लेख काढ. हे पत्र वाचायचं थांबव, लेख काढ, मग पुढचं वाच.

ज्ञानबा जिवंत आहे.

तुझं पत्र चार दिवस मोबाइलमध्ये पडून होतं, मी सिंदगीच्या लग्नात अडकलो होतो. आज वाचलं आणि लगेच वही ओढली. चूक तुझी नाही, ती माझी आहे. तुला एक गोष्ट मी कधी सांगितली नव्हती. भागवत आणि मी ती कुणालाच सांगत नव्हतो.

दुकानात मागच्या खोलीत लोखंडी कपाट आहे. तू लहानपणी त्याला रंगाची बोटं पुसायचीस ते. त्यात आजच्या घडीला एकोणीस फोटो आहेत आणि ती एकोणीसही माणसं जिवंत आहेत. बाजाराच्या दिवशी म्हातारी माणसं गुपचूप येतात. म्हणतात, आमचा मागं ठेवायचा फोटो काढा. कुणाला मूलबाळ नसतं, कुणाला वाटतं पोरं मेल्यावर कसलाही वेडावाकडा फोटो लावतील. हार घालून, नाव टाकून, 'कै.' लिहून सगळं तयार करून घेतात आणि मग म्हणतात, हे इथंच राहू द्या. जित्या माणसाचा हाराचा फोटो घरात कोण नेईल? बायकोने बघितला तर रडून घर डोक्यावर घेईल. म्हणून तो कपाटात राहतो. माणूस गेलं की घरचे येतात, आणि मी म्हणतो, तयार आहे. तारखेची कोरी जागा भरायला मला दहा मिनिटं लागतात.

तीस वर्षं हे गुपित राहिलं. आमच्या शब्दावर लोक इतका भरवसा ठेवतात की लांबच्या गावची माणसं मुद्दाम इथं येतात, आपल्या गावात बोभाटा नको म्हणून. ज्ञानबा त्यातलाच. मेंढरं राखतो, पुसेगावहून कळमनुरीच्या बाजाराला एडके विकायला येतो. बायको सिंधूबाईला काही माहीत नाही. कपाटातल्या फोटोंच्या प्रतीही कॉम्प्युटरच्या त्या 'मोठे फोटो' कप्प्यातच होत्या, आणि मी घाईत तो अख्खा तुला पाठवला.

हा शब्द गेला तर माझ्याकडे दुकान राहून तरी काय राहिलं? पुसेगावात कुणी मोबाइलवर बघितलं असेल तर? सिंधूबाईला कुणी जाऊन सांगितलं तर? काढलास का लेख? लगेच कळव.

कय्युमचाचा

---

पुणे
२८ फेब्रुवारी २०२५

प्रिय चाचा,

काल दुपारीच काढला. बाकी पाचही जण खरोखर गेलेले आहेत ना, हे तुमच्याकडून कळेपर्यंत तो पुन्हा टाकणार नाही.

पण तुम्हाला अर्धवट सांगणार नाही. लेख काढला तरी शोधल्यावर त्याचं नाव आणि छोटा फोटो काही दिवस दिसत राहतो. मी काढून टाकण्याची विनंती केली आहे, वेळ लागतो. आत्ता 'ज्ञानबा पोले पुसेगाव' असं टाकलं की 'कै. ज्ञानबा जळबा पोले' अशी ओळ येते, फोटो येतो आणि खाली दुकानचा फोन नंबर. त्याच्यावर बोट ठेवलं तर आत काही उघडत नाही. म्हणजे बघणाऱ्याला फक्त एवढंच कळतं की माणूस गेला. हे लेख असण्यापेक्षाही वाईट आहे.

कोरी जागा बघूनही मी आधी विचारलं नाही. नाव, गाव, नाव, गाव, एवढंच डोक्यात होतं. मला फार लाज वाटते आहे.

तुम्ही पुसेगावला जा, चाचा. ज्ञानबांना दुसऱ्याकडून कळण्याआधी तुमच्याकडून कळू द्या. मला माहीत आहे तुम्हाला भीती वाटते आहे. तरी जा.

मोहिनी

---

कळमनुरी
६ मार्च २०२५

चि. मोहिनीस,

गेलो नाही. रोजे सुरू झाले आहेत, ऊन वाढलं आहे, गाडीचं काम निघालं आहे. ही सगळी कारणं खरी आहेत आणि एकही खरं नाही.

आज सकाळी दुकानच्या नंबरवर फोन आला. पोरगा बोलत होता, मागे कंपनीच्या यंत्रांचा आवाज. म्हणाला, "तुमच्याकडं पुसेगावच्या ज्ञानबा पोल्याचा फोटो हाय का? मोठा केलेला?" मी विचारलं, तुमी कोण? त्याने उलट विचारलं, "ते कवा गेले?"

माझ्या तोंडून निघालं, "राँग नंबर," आणि मी फोन ठेवला.

का ठेवला ते मला कळत नाही. तेव्हापासून काउंटरवर बसलो आहे आणि फोनकडे बघायचं धाडस होत नाही. हाजराबीला सांगितलं. ती उठून आत निघून गेली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

कय्युमचाचा

---

पुणे
६ मार्च २०२५

चाचा,

त्याला उलटा फोन करा. आत्ता. "ते कवा गेले" असं परका माणूस विचारत नाही.

मोहिनी

---

कळमनुरी
१९ मार्च २०२५

चि. मोहिनीस,
कय्युमचाचाच्या दुआ.

तुझे तेरा फोन आले, मी उचलले नाहीत. जे झालं ते मला एकदा नीट लिहायचं होतं, तुकड्यातुकड्याने सांगायचं नव्हतं. आता ऐक.

त्या दिवशी मी उलटा फोन केला. तीनदा केला. बंद होता. दुसऱ्या दिवशीही बंद. शनिवारी सकाळी शटर वर केलं आणि समोर पायरीवर एक तिशीतला पोरगा बसला होता. अंगात कंपनीचा निळा शर्ट, पायाशी पिशवी. डोकं तुळतुळीत केलेलं, मिशीही काढलेली. मला काही विचारावं लागलं नाही. बाप गेल्यावर पोरगा करतो तसं त्याने सगळं उतरवलं होतं.

तो ज्ञानबाचा मुलगा प्रभू. वाळूजला कंपनीत असतो. सहा वर्षांपूर्वी मेंढरांमागे फिरणार नाही म्हणून घर सोडून गेला, आणि जाताना बापलेकांत नको ते बोलणं झालं. तेव्हापासून फोनही नाही. कधीमधी मोबाइलवर गावाचं नाव टाकून बघायचा, यात्रेचे फोटो, कुणाच्या लग्नाचा व्हिडिओ, काही दिसतंय का. तसं बघताना बाप दिसला, हाराचा. दुकानाला फोन लावला तर मी राँग नंबर म्हणालो. मग त्याने फोन बंद केला, सलून गाठलं आणि एकट्याने दहाव्याचं केलं. त्याच्या खोलीतल्या पोरांनी त्या दिवशी भात रांधला, एवढाच विधी.

मी विचारलं, घरी न जाता इथं का आलास? मोहिनी, त्याचे शब्द जसेच्या तसे लिहितो. "जाताना बा म्हणला व्हता, माज्या मातीला बी येऊ नको. म्हणून घरी न्हाई गेलो. म्हणलं, फोटो तरी घेऊन जावा."

मी खाली बसलो. म्हणालो, "बेटा, तुझा बाप जिवंत आहे. सगळी चूक माझी." त्याचा विश्वास बसेना. का बसावा? मी त्याच्याशी एकदा खोटं बोललोच होतो. तो म्हणाला, "काहून थट्टा करून राहिले चाचा?" मी आणखी काही समजावत बसलो नाही. हाजराबीला दुकानात बसवलं, त्याला गाडीवर मागे घेतलं आणि पुसेगावची वाट धरली. रस्ताभर मी आतल्या आत एकच दुआ मागत होतो, की निदान आज तरी तो म्हातारा धडधाकट असू दे.

घरासमोर सिंधूबाई डाळ पाखडत होती. कपाळाला ठसठशीत कुंकू. प्रभूने आधी आईच्या कपाळाकडे बघितलं आणि तिथेच रस्त्यात खाली बसला. तेव्हा त्याला पटलं. ती सूप टाकून धावली, त्याच्या डोक्यावर हात फिरवून रडायला लागली, आणि का रडते आहे हे तिलाही धड कळत नव्हतं. इतक्यात मेंढरांच्या वाड्याच्या बाजूने ज्ञानबा आला, काखेत नुकतं जन्मलेलं कोकरू. सहा वर्षांनी दारात आलेला पोरगा आणि त्याचं ते डोकं बघून तो जागीच थांबला.

"कोण गेलं रे?" त्याने विचारलं.

सिंधूबाई माझ्याकडे बघायला लागली. मग मलाच बोलावं लागलं.

"तुमी," मी म्हणालो. "माझ्यामुळं."

सगळं सांगितलं. कपाट, ब्लॉग, कोरी जागा, राँग नंबर, काही ठेवलं नाही. सिंधूबाईसमोर सांगितलं, त्यामुळे त्याचं गुपितही माझ्याच तोंडून फुटलं. मला वाटलं, काठी घालेल. काठी पडली असती तर मी अंग चोरलं नसतं. पण त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. कोकरू खाली ठेवलं, पोराजवळ गेला आणि त्याच्या त्या गोट्यावर हात ठेवून किती तरी वेळ उभा राहिला. तो हात काढायला तयार नव्हता आणि पोरगा मान वर करायला.

मी निघालो तर सिंधूबाईने पाणी पुढे केलं. मी म्हणालो, रोजा आहे. ती म्हणाली, मग सूर्य बुडेपर्यंत थांबा, उपाशी माणूस दारातून जात नसतो. माझ्यासारख्याला ती असं म्हणाली. मी थांबलो, तिच्या हातच्या गुळाच्या खड्यावर रोजा सोडला आणि घरी आलो.

त्यानंतर दुकानात बसलो की एकच धास्ती. आता म्हातारा बाजारात बोलेल, त्याला हक्कच आहे, आणि बाकी अठरा जण येऊन आपापले फोटो मागतील. मी वाट बघत बसलो नाही. जे भेटले त्यांना मीच सांगितलं की कपाटाचा शब्द माझ्याकडून एकदा मोडला. तिघं ऐकून निघून गेले. फोटो अजून कुणी नेला नाही, पण नेणार नाहीत असं मी धरून चालत नाही. ब्लॉगचं विचारतेस तर तो बंद करू नकोस. त्या चाव्यांच्या लेखावर लोक येऊन राहिले आहेत, वैशाखातली दोन लग्नंही मिळाली. पण यापुढे ज्याचा फोटो त्याला आधी विचारायचं. गेलेल्याचा असेल तर घरच्यांना. मी विचारून कळवल्याशिवाय तू टाकायचा नाही.

आज बाजार होता. दुपारी तिघं दुकानात आली, ज्ञानबा, सिंधूबाई आणि प्रभू. पोराच्या डोक्यावर खुरटे केस आले होते. ज्ञानबा म्हणाला, "माझा फोटो काढ भाईर."

मी कपाट उघडलं. फोटो काउंटरवर ठेवला. सिंधूबाईने एकदा बघितलं आणि पदर तोंडाला लावून तोंड फिरवलं. मी म्हणालो, ज्ञानबा, हे 'कै.' काढून टाकतो, हार काढून टाकतो, नवा करून देतो. तो म्हणाला, काही नको, चांगला आहे, जसा आहे तसा बांध. मी वर्तमानपत्रात गुंडाळला, सुतळी मारली. मला वाटलं तो आता मला काही तरी बोलेल. बरं, वाईट, काहीही चाललं असतं. तो त्याविषयी माझ्याशी बोललाच नाही. गठ्ठा उचलून त्याने प्रभूच्या हातात दिला.

"तुज्यापाशी ठेव," म्हणाला. "टाइम आला की लाव. अन् मातीला येजो."

पोरगा मान हलवत राहिला. तिघं पायऱ्या उतरून गर्दीत गेली. ज्ञानबाने मला माफ केलं की नाही हे मला माहीत नाही, आणि विचारायचं तोंड माझ्याकडे नाही. पण ती दिसेनाशी होईपर्यंत मी दारात उभा होतो. मोहिनी, तीस वर्षं मी आणि भागवतने त्या कपाटातून कितीक फोटो काढून लोकांच्या हातात दिले, आणि दर वेळी ज्याचा फोटो तो माणूस जगात नसायचा. आज पहिल्यांदा एक माणूस आपल्या फोटोच्या बरोबरीने चालत दुकानातून बाहेर गेला.

तुझा,
कय्युमचाचा